कानात कुणी बोललं की परसू थांबतो

परसू मुतगेकर पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा मी त्याला नापास करायच्या तयारीनंच बसले होते. त्या दिवशी आधीची सगळी पोरं सिनेमातल्यासारखं मराठी बोलून गेली होती आणि माझं डोकं उठलं होतं.

आमचा स्टुडिओ यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे आहे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. कबड्डीची लीग देशात कुठंही चालू असो, तिचं मराठी, कन्नड आणि तेलुगू समालोचन या शेडमधल्या लाकडी खोक्यांत बसून, पडद्यावर बघून होतं. घरी बसलेल्या माणसाला वाटतं, हे लोक मैदानाच्या कडेला बसून ओरडतायत. मैदानाच्या कडेला कुणी नसतं. सगळे यशवंतपूरला असतात आणि बाहेर कांद्याचे ट्रक मागे घेत असतात.

मी वासंती. पुण्यात जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. मुलगा मल्हार इथं, या कानडी शहरात, व्हाइटफील्डला नोकरीला लागला, म्हणून मीही आले. त्याच्या उंच बाल्कनीतून दुसऱ्यांच्या उंच बाल्कन्या बघून कंटाळले आणि ही भाषा बघायची नोकरी धरली. समालोचक चुकला की टोकायचं, एवढंच काम. टोकायचं काम मला आयुष्यात कधी जड गेलेलं नाही.

तर परसू. बेळगावजवळच्या मुतग्याचा. चाळिशीचा, उंच, पाठ अशी ताठ की बघणाऱ्यानं आपलीच पाठ सरळ करावी. पायदळात रेडिओ ऑपरेटर होता आणि पलटणीच्या कबड्डी संघात चढाया करायचा. सीमेवर गस्तीत सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नकली पायावर तो इतक्या सफाईनं चालतो की जिना चढेपर्यंत कुणाला कळत नाही. पेन्शनीत आल्यावर त्याला नोकऱ्या मिळत होत्या, पण सगळ्या दारात बसायच्या. बँकेच्या दारात, मॉलच्या दारात, कुणाच्या तरी सोसायटीच्या दारात.

"मला शोभेला बसायचं नाही बाई," त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "पायाचं काम गेलं. तोंडाचं काम हाय की अजून. बोलायचं काम द्या."

मी जुना सामना पडद्यावर लावला आणि म्हटलं, बोल.

"चेहरा बघू नका ओ त्याचा, चेहऱ्यानं तो फसवूलाय," परसू सुरू झाला. "पाय बघा. डाव्यावर वजन घेतलाय. म्हणजे उडी उजवीकडं येणार. कोपऱ्यातल्या गड्याला ते कळलंय, पण त्याच्या गुडघ्याला अजून कळलं नाही. आली उडी! गेला की ओ, गेला हातातनं!"

मी लाल पेन बाजूला ठेवलं. 'फसवूलाय' हे काही पुण्याच्या शाळेतलं मराठी नव्हे, पण ते सुधारायला माझा हात उठेना. पलीकडच्या कन्नड खोक्यातले दोघे दारात येऊन ऐकत उभे राहिले. अशा रीतीनं परसू नोकरीला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी मेट्रोत एकटीच हसत घरी गेले.

घोळ झाला तो पहिल्या थेट सामन्यात.

समालोचकाच्या कानात सामना चालू असताना सतत कुणीतरी बोलत असतं. ते कुणीतरी म्हणजे आमची निर्माती संहिता. नागपूरची पोरगी, हुशार, कामाला वाघ. काचेपलीकडे बसून ती बटण दाबते आणि सांगते, "रिप्ले येतोय," "प्रायोजकाचं नाव घ्या," "आवाज चढवा." समालोचकानं ते ऐकायचं आणि आपलं बोलणंही तोडायचं नाही. ऐकता ऐकता बोलायचं, हाच या धंद्याचा कणा.

परसू छान रंगात आला होता. संहितानं बटण दाबलं, "परसूदादा, रिप्ले येतोय, बोलत राहा." आणि परसू गप्प. वाक्याच्या मधोमध. हात मांड्यांवर, मान ताठ, नजर समोर. त्याच्या शेजारचा समालोचक तनय, पुण्याचा चटपटीत मुलगा, त्यानं पटकन बोलणं उचललं म्हणून निभावलं. सगळ्यांना वाटलं, वायर गेली. वायर बदलली, हेडफोन बदलला. पुन्हा संहिता बोलली, पुन्हा परसू गप्प. मग खोकंच बदललं. तरी तेच.

सामना संपल्यावर त्यानंच सांगितलं. "बाई, वायर बरी हाय. मीच थांबूलोय. पलटणीत रेडिओ सेटवर एका वेळी एकच माणूस बोलतोय. दुसरा आला की आपण गप. साहेब आला की सगळेच गप, आणि तो 'संपलं' म्हणेपर्यंत गपच. आपण मधे बोललो तर त्याचा निरोप मरतोय, आणि निरोप मेला की माणूस मरतोय. भरतीपासनं तेच केलाय मी."

"मग आता ते सोडून दे," मी म्हटलं, जणू चपला दाराबाहेर सोडायच्या होत्या.

"ठरवून थांबत नाही ओ. गळाच बंद होतोय."

तनयनं अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा, हा त्या स्फोटाचा ट्रॉमा असेल ना?" परसू हसला. "स्फोटात मला काय ऐकूच आलं नव्हतं. ही नुसती सवय हाय. चांगली सवय होती ती." मला त्याचं ते हसणं फार लागलं. सगळ्यांना त्याच्या दुःखात एक मोठा धमाका हवा होता. आणि हे दुःख इतकं साधं होतं की कुणाला सांगायची सोय नाही. जे काम त्यानं उत्तम केलं, तेच आता त्याचा गळा धरत होतं.

संहितानं हात टेकले नाहीत, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. ती म्हणाली, "साखळी सामने संपेपर्यंत मी सांभाळून घेते. पण उपांत्य सामन्यापासून मुंबईचे साहेब स्वतः ऐकतात. तेव्हा थांबलात तर माझ्या हातात काही नाही, दादा." म्हणजे परसूनं कानात आवाज असताना बोलायला शिकायचं, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी दारात जाऊन बसायचं.

पुढच्या रविवारी दुपारी मी मत्तीकेरेला त्याच्या घरी गेले. त्याची बायको महानंदा निपाणीची. बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायलाही उसंत नाही. मी ठरवलं, हिचाच उपयोग करायचा. परसूला खिडकीत बसवलं, कानात फोनची बोंडं घातली. त्यानं खालच्या रस्त्याचं समालोचन करायचं आणि तिनं स्वयंपाकघरातून फोनवर बोलत राहायचं.

"रिक्षावाला डावीकडनं आत घुसूलाय, भाजीच्या गाड्यानं वाट अडवलाय..." परसू बोलू लागला.

"आवं, गॅस बारीक करा म्हणून कवाधरनं सांगूलोय मी!" महानंदा फोनवर ओरडली.

परसू गप्प.

"बघा बाई," महानंदा झारा घेऊनच बाहेर आली, "लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा माझं ऐकून गप बसले हे!"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण संध्याकाळपर्यंत त्याला जमायला लागलं. ती कानात तिच्या भावजयीच्या तक्रारी सांगत होती आणि हा रिक्षा, कुत्री, इडलीची गाडी, सगळं न थांबता सांगत होता. निघताना त्यानं मला खाली रिक्षापर्यंत सोडलं आणि रिक्षावाल्याला बजावलं, "स्वल्प निधानवागी होगी अण्णा," म्हणजे जरा सावकाश जा. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी सरळ आनंदच म्हणेन.

सोमवारी स्टुडिओत संहितानं बटण दाबलं आणि परसू गप्प झाला.

"बायकोचा आवाज कानाआड करायचा सगळ्यांनाच सराव असतो," संहिता दमून म्हणाली. "तिचा आवाज ते मोजतच नाहीत."

मग मीच उपाय काढला. त्याच्या कानातला संहिताचा आवाज पार बंद करायचा. तिनं सांगायचं ते मला, आणि मी त्याच्या समोर स्टुलावर बसून हातांनी खुणा करायच्या. बोट गोल फिरवलं की रिप्ले. छातीवर थाप मारली की प्रायोजक. तळवा खाली केला की आवाज उतरव. जन्मभर वर्गात खुणा करूनच पोरं गप्प केली होती, आता एकाला बोलतं ठेवायचं होतं.

आणि जमलं! सामन्यामागून सामने गेले, परसू एकदाही थांबला नाही. निपाणी, खानापूर, चंदगडकडून लोक लिहायला लागले की हा कोण माणूस आहे, हा आमच्यासारखा बोलतोय. तनय त्याच्याकडून पाय बघायला शिकला. स्टुडिओत शिरताना परसू आता वॉचमनला आधी हाक मारायचा, चहावाल्याची थट्टा करायचा. मला वाटलं, सुटलो. मी मल्हारला तसं सांगितलंसुद्धा.

उपांत्य सामन्याला तनयला खोकला झाला होता. उत्तरार्धात तो बाहेर खोकायला गेला आणि नेमकं त्याच वेळी मैदानावर एक चढाईपटू मानेवर पडला. तिघे त्याच्या अंगावर पडले, उठले, आणि तो उठला नाही. सगळं मैदान शांत झालं. डॉक्टर धावले.

अशा वेळी मुंबईचा मुख्य दिग्दर्शक सगळ्या भाषांच्या खोक्यांत एकदम बोलतो. ती लाइन वेगळी. तिचा आवाज बंद करायची सोयच नाही, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"सगळे बॉक्स, ऐका," भारदस्त, हुकमी आवाज आला. "अंदाज बांधू नका. घाबरवू नका. पण बोलत राहा."

बोलत राहा, म्हणाला तो! आणि परसूचा गळा बंद झाला.

मी समोरच होते. मी हात हलवले, ओठ हलवून दाखवलं, शेवटी स्टुलावरून उठून त्याच्या तोंडासमोर दोन्ही हात नाचवले. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळत होतं. कपाळावर घाम, गळ्याची घाटी वरखाली, आणि आवाज नाही. पलीकडच्या साहेबानं 'संपलं' असं काही म्हटलंच नव्हतं, त्याची लाइन तशीच उघडी होती आणि त्याचा श्वास आमच्या कानात येत होता. मी असहाय म्हणजे काय ते त्या लाकडी खोक्यात पाहिलं, आणि मला रडू फुटलं. इतक्यात तनय आत आला. ताठ बसलेला परसू आणि रडणारी मी बघून त्याला वाटलं, हे मुद्दाम चाललंय. तोही हात जोडून उभा राहिला. चढाईपटूचं स्ट्रेचर मैदानाबाहेर जाईपर्यंत मराठीतून एक अक्षर गेलं नाही.

ब्रेक आला तेव्हा परसूनं हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला. "गेलं ओ बाई सगळं," एवढंच म्हणाला.

पण गेलं नाही. त्याहून वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारनं मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. बाकी भाषांचे समालोचक बडबडत होते आणि मराठी मात्र शांत, असं कुणीतरी शेजारी शेजारी लावून दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं, जखमी वीराला एका फौजीची मानवंदना. लाखो लोकांनी बघितलं. लोक रडले, सलाम ठोकले. ज्याला मानवंदना दिली तो वीर सकाळी इस्पितळात बसून इडली खात होता, मानेला नुसता मुका मार होता. पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

दुपारी मुंबईचे साहेब पडद्यावर आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. परसू उभा राहिला.

"साहेब, ती मानवंदना नव्हती. मी अडकलो होतो. मला बोलायचं होतं."

"ये देखो, यही होती है फौजी की सादगी," साहेब बाकीच्यांना म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं की अंतिम सामन्याला परसू खोक्यात बसणार नाही. तो पडद्यावर दिसेल, सोफ्यावर, पाहुणा म्हणून. पुढचा सगळा मोसम तसाच. खोक्यात त्याच्या खुर्चीवर तनयचा एक मित्र येईल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "त्याला बोलायचंय हो, तो शोभेची वस्तू नाही!" मी ओरडले. आणखीही बरंच बोलले. साहेब पडद्यावर प्रसन्न हसतच राहिले. मग मला दिसलं की संहितानं आमचा माइक बंद केला होता. तिचे डोळे भरले होते. "वासंतीताई, ते आपल्या सगळ्यांनाच काढतील," ती म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

परसू नकार देईल, असं मला वाटत होतं. पण महानंदाचा फोन आला. मुतग्यात बसस्टँडवर त्याचा फलक लागला होता, शाळेतल्या मुलांनी त्याच्या नावानं मौन पाळलं होतं, पलटणीतल्या जुन्या सोबत्यांनी फोन करून शाबास म्हटलं होतं. "त्येंनी एकेकाला खरं सांगायला बघितलं बाई," महानंदा म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "सांगितलं की लोक आणखीनच पाया पडूलेत. आता काय करायचं माणसानं?"

 

परसूनं एकच मागणी केली. अंतिम सामन्यातली पहिली चढाई सोफ्यावरून मला बोलू द्या. फक्त एक. संहिता म्हणाली, "बघते दादा." त्या चढाईसाठी तो रोज दुपारी माझ्यासमोर बसून दोन्ही संघांचे जुने सामने बघायचा. पहिली चढाई कोण करणार, कुठल्या पायावर वजन घेणार, सगळं त्यानं मनात धरलं होतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी भाड्यानं लष्करी गणवेश आणला होता. परसूनं तो हातातही घेतला नाही. "निवृत्त माणूस असला गणवेश घालत नाही," म्हणाला, आणि आपला निळा कोट, त्यावर पदकं, डोक्यावर बॅरेट, असा तयार झाला. तेवढं एक त्याचं चाललं. उजव्या पायाची विजार जरा वर सरकवा, म्हणजे कॅमेऱ्यात दिसेल, असं कुणीतरी म्हणालं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाकून ती वर सरकवली.

माइक लावणारी पवित्रा आली तेव्हा त्यानं सवयीनं हनुवटी वर केली आणि कोटाची कड पुढं धरली. पवित्रानं सोफ्यावर शेजारी बसलेल्या मुलाखतकाराला माइक लावला आणि परसूच्या कानात फक्त ऐकायचं बोंड बसवलं.

"निमगे माइक बेडा अंते सर," ती ओशाळून म्हणाली. तुम्हाला माइक नको म्हणालेत.

"सरी," परसू म्हणाला आणि त्यानं कोटाची कड सोडली.

मी काचेपलीकडे संहिताच्या शेजारी जाऊन बसले. खुणा करायला आता माझी कुणाला गरज नव्हती. सामना सुरू झाला. खोक्यात तनय बोलू लागला. एका पडद्यावर मैदान होतं, दुसऱ्यावर सोफा, आणि सोफ्यावरचा परसू मैदानाच्या पडद्याकडे बघत होता.

पहिला चढाईपटू रेषा ओलांडून आत गेला आणि परसूचे ओठ हलले.

तो बोलत होता. माइक नसताना, पुरं समालोचन करत होता. मला त्याच्या ओठांवरून अक्षर न अक्षर कळत होतं. चेहरा बघू नका त्याचा. पाय बघा. डाव्यावर वजन घेतलाय. त्याचे डोळे चमकत होते, मान जराशी पुढं झुकली होती, अगदी त्या पहिल्या दिवसासारखा रंगात आला होता तो. मी संहिताचा दंड धरला. "बघ गं, बघ, तो बोलतोय!"

मुंबईच्या लाइनवर कुणीतरी काहीतरी म्हणालं. संहितानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"परसूदादा, ओठ हलताहेत. कॅमेऱ्यात दिसतंय."

परसूचे ओठ थांबले. हात मांड्यांवर गेले, मान ताठ झाली. चढाईपटूनं उडी मारली, ती उजवीकडेच मारली, आणि पडद्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.